नम्रता (ख्रिस्ती धर्म)

नम्रता किंवा लीनता हा ख्रिस्ती नीतिविचारातील एक मूलभूत सद्गुण आहे. विद्या, कुल, पद किंवा पुण्य यांच्या बळावर स्वतःला इतरांहून श्रेष्ठ न मानणे, ईश्वरासमोर आपली मर्यादा ओळखणे आणि त्या जाणिवेतून दुसऱ्याची, विशेषतः समाजाने खालच्या ठरवलेल्या माणसाची, सेवा करणे असा तिचा अर्थ केला जातो. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत सात घोर पापांमध्ये गर्वाला अग्रस्थान दिलेले आहे आणि नम्रता हा त्यावरचा उतारा मानला जातो. गर्वाच्या प्रकारांमध्ये ज्ञानाचा गर्व विशेष फसवा समजला गेला. धनाचा गर्व ज्याचा त्याला निदान दिसू शकतो. ज्ञानाचा गर्व मात्र सत्यनिष्ठेच्या रूपाने वावरतो.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि जालना येथे कार्य केलेले नारायण शेषाद्री हे सर्वजण विद्येला सर्वोच्च प्रतिष्ठा देणाऱ्या समाजातून ख्रिस्ती धर्मात आले. त्यांच्या चरित्रांत पांडित्य आणि सेवा यांचा संबंध निरनिराळ्या रीतींनी तपासला गेलेला दिसतो.

शब्द आणि अर्थ

नव्या करारात या गुणासाठी ‘तापेइनोफ्रोसिने’ हा ग्रीक शब्द येतो. त्यातील ‘तापेइनोस’ याचा जुना अर्थ खालचा, हीन, दबलेला असा होता आणि अभिजात ग्रीक साहित्यात तो बहुधा गौरवाने वापरला जात नसे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात आपली थोरवी यथार्थपणे ओळखणारा आणि त्यानुसार मान अपेक्षिणारा मनुष्य आदर्श ठरतो. त्या पार्श्वभूमीवर ख्रिस्ती लेखकांनी दासांच्या स्थितीचे वर्णन करणारा शब्द सद्गुणाचे नाव म्हणून स्वीकारला, ही मोठी उलथापालथ होती. लॅटिन ‘हुमिलितास’ हा शब्द माती या अर्थाच्या ‘हुमुस’ शब्दाशी जोडला जातो.

मराठीत ‘नम्र’ हा शब्द वाकणे या अर्थाच्या संस्कृत धातूवरून, तर ‘लीन’ हा मिसळून जाणे या अर्थाच्या धातूवरून आला आहे. मराठी बायबलात व ख्रिस्ती उपासनेच्या भाषेत दोन्ही शब्द रूढ आहेत. मराठी वाचकाच्या मनात हे शब्द उच्चारताच वारकरी संप्रदायाची आठवण येणे स्वाभाविक आहे. देवाजवळ मोठेपण न मागता लहानपण मागणे आणि जातपात न पाहता एकमेकांच्या पायी लागणे ही त्या संप्रदायाची रीत आहे. ख्रिस्ती परंपरेतील मध्यवर्ती कृतीही पायांशीच संबंधित आहे. तेथे पाय धुतले जातात.

बायबलमधील आधार

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशूने अटकेपूर्वीच्या शेवटच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग आहे. धुळीच्या रस्त्यांवरून वहाणा घालून आलेल्या पाहुण्याचे पाय धुणे हे त्या काळी घरातील सर्वांत कनिष्ठ नोकराचे काम होते. पेत्र या शिष्याने प्रथम आपले पाय धुऊन घेण्यास नकार दिला. त्याच्या नकारात गुरूविषयीचा आदर होता, तरीही येशूने तो मान्य केला नाही. भाष्यकारांनी येथे एक सूक्ष्म मुद्दा नोंदवला आहे: दुसऱ्याची सेवा करण्याइतकेच दुसऱ्याकडून सेवा स्वीकारणेही अभिमानी माणसाला कठीण जाते.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूच्या राज्यात त्याच्या उजव्या व डाव्या बाजूची आसने मागतात. त्यावर येशू राज्यकर्त्यांच्या सत्तेची रीत आणि शिष्यांची रीत यांतील भेद सांगतो व मोठा होऊ इच्छिणाऱ्याने सेवक व्हावे असे बजावतो. लूकच्या अठराव्या अध्यायातील परूशी व जकातदार यांच्या दृष्टान्तात धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणारा मनुष्य आपल्या पुण्याची यादी वाचून रिकाम्या हाताने परततो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौलाने नम्रतेला थेट ख्रिस्ताच्या स्वरूपाशी जोडले आहे. ईश्वरस्वरूप असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिते करून दासाचे रूप घेतले, असे तेथे म्हटले आहे. या ‘रिते होण्या’वरून पुढे ईश्वरशास्त्रात एक स्वतंत्र विचारधारा निर्माण झाली.

ज्ञान आणि गर्व

ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने उभारणी होते, या आशयाचे विधान करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात येते. ते अनेकदा विद्येच्या विरोधातील वचन म्हणून वापरले जाते. परंतु त्याचा संदर्भ पाहता हा अर्थ टिकत नाही. करिंथ शहरात मूर्तींना वाहिलेले मांस खावे की नाही असा वाद होता. मूर्तीत काही नाही हे ज्यांना उमगले होते ते निःशंकपणे ते मांस खात, आणि त्यांचे पाहून जुन्या समजुतींतून नुकतेच बाहेर पडलेले दुबळ्या मनाचे लोक गोंधळून जात. ज्ञानी पक्षाचे म्हणणे तात्त्विकदृष्ट्या बरोबर आहे हे पौलाला मान्य होते. त्याचा आक्षेप त्या ज्ञानाच्या वापराला होता. पौल स्वतः, प्रेषितांच्या कृत्यांनुसार, गमालियेल या विख्यात गुरूच्या हाताखाली शिकलेला होता.

चौथ्या-पाचव्या शतकांतील ऑगस्टीन हा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. प्लेटोमतानुयायी तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत आपल्याला ईश्वरी शब्दाविषयी पुष्कळ काही सापडले, पण नम्र झालेला ख्रिस्त सापडला नाही, असे त्याने आपल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. सत्याकडे जाण्याचा मार्ग विचारणाऱ्या एका तरुण अभ्यासकाला त्याने पत्रातून दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: पहिली पायरी नम्रता, दुसरी नम्रता आणि तिसरीही नम्रताच. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांच्या सातव्या प्रकरणात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. थॉमस अक्वायनसने तिचा समावेश संयमाच्या अंतर्गत केला. त्याच्या मते नम्रता म्हणजे स्वतःविषयी खोटे कमीपण बाळगणे नव्हे, तर आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींची हाव आवरणे.

या शिकवणीचा दुरुपयोगही जुना आहे. बाराव्या शतकात क्लेअरव्होचा बर्नार्ड याने नम्रता व गर्व यांच्या पायऱ्यांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच बर्नार्डने तर्कपंडित पीटर ॲबेलार्ड याच्यावर मर्यादा सोडून बुद्धी चालवल्याचा आरोप ठेवून त्याच्या मतांचा धर्मसभेत निषेध घडवून आणला. प्रश्न विचारणाऱ्यावर गर्वाचा शिक्का मारणे हे अधिकाऱ्यांना नेहमीच सोयीचे असते. या आरोपाचा आणखी एक नमुना पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आढळतो.

महाराष्ट्रातील परंपरा

मुंबईत ख्रिस्ती मिशनऱ्यांचे आगमन झाले ते वादविवादाच्या वातावरणात. १८३०–३१ च्या सुमारास जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिंदू शास्त्र्यांशी जाहीर वाद केले. मोरभट दांडेकर हे त्याचे प्रमुख प्रतिपक्षी होते. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले वादही गाजले. दोन्ही पक्षांचा भर प्रतिपक्षाला निरुत्तर करण्यावर असे. धर्म हा वादात जिंकण्याचा विषय आहे, या गृहीतकातच नम्रतेला फारसा वाव नव्हता.

नीळकंठशास्त्री गोरे (१८२५–१८९५) याच वादपरंपरेत वाढले. चित्पावन कुटुंबात जन्मलेल्या आणि काशीत शास्त्राध्ययन केलेल्या या पंडिताने प्रथम ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ रचला. मिशनऱ्यांना निरुत्तर करण्याच्या हेतूने त्यांनी बायबल वाचण्यास आरंभ केला आणि १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांची चिकित्सा केली. मात्र विजयी पंडिताचा आव त्यांच्या उत्तरायुष्यात दिसत नाही. त्यांना शंका सतत ग्रासत राहिल्या. ते अँग्लिकन पुरोहित झाले, एका मठसंघाच्या सहवासात राहिले, पण अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. राहणी अत्यंत साधी होती. त्यांच्या पांडित्याचा सर्वांत दूरगामी परिणाम बहुधा त्यांच्या मोठ्या ग्रंथांमुळे झाला नाही. इंग्लंडमध्ये असलेल्या एका तरुण विधवेला पाठवलेल्या पत्रातून व लहान मराठी पुस्तकातून तो झाला.

पंडिता रमाबाई

ती विधवा म्हणजे रमाबाई डोंगरे-मेधावी (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताला न जुमानता पत्नीला व मुलींना संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातील उपासमारीत आईवडील व बहीण यांचा मृत्यू झाल्यावर रमाबाई व बंधू श्रीनिवास पुराणे सांगत पायी भटकले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रीला शास्त्राधिकार नाकारणाऱ्या समाजात मिळालेली ही मान्यता असाधारण होती. त्यानंतर भावाचा मृत्यू, आंतरजातीय विवाह आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य, हे सारे १८८२ च्या प्रारंभापर्यंत घडून गेले होते. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली.

१८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे ती इच्छा पूर्ण झाली नाही. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे त्यांचा मुक्काम होता. तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे माणूस म्हणून वागवले जात होते. अशा स्त्रियांसाठी काही करावे हा विचारच आपल्या मनाला यापूर्वी शिवला नव्हता, असे रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात म्हटले आहे. या सेवेमागील प्रेरणा काय, असे त्यांनी विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्यांच्याच कथनानुसार हृदय वळले ते या अनुभवाने. बुद्धीची खात्री पटली ती गोऱ्यांच्या पुस्तकाने. हा क्रम महत्त्वाचा आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर वाद थांबले नाहीत, उलट वाढले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, चर्चची मतपत्रे यांविषयी रमाबाई प्रश्न विचारत राहिल्या. त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांना त्यात शिष्येला न शोभणारा आत्मविश्वास व गर्व दिसला. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, तोही जातीच्या अभिमानाचा अवशेष मानला गेला. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. भारतीय पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर तसेच दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंनी कळवले. सदसद्विवेक देवाने दिलेला आहे आणि त्याचा वापर करणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा होता. कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी या प्रश्नांकडे अधिक सहानुभूतीने पाहिले. हा सारा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनीच जपून ठेवला. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला.

या पत्रांत दोन्ही बाजू नम्रतेचाच आधार घेतात. सिस्टर जेराल्डिन यांच्या दृष्टीने नम्रता म्हणजे चर्चच्या अधिकाराला शरण जाणे. रमाबाईंच्या दृष्टीने ती फक्त देवासमोर असते, माणसांच्या मध्यस्थीला तिच्यावर हक्क नाही. त्यात राज्यकर्त्या आणि अंकित देशांतील नात्याचीही छाया आहे. इंग्रज भगिनीने हिंदी विधवेला नम्रता शिकवावी, ही परिस्थितीच समतोल नव्हती. सिस्टर जेराल्डिन यांना मात्र रमाबाईंविषयी खरी माया होती आणि मनोरमेचा सांभाळ त्यांनी आईच्या ममतेने केला, हेही नोंदवले पाहिजे.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली. पुढच्या वर्षी ती पुण्यास हलवली. सदनातील काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या गेल्याचे कळल्यावर वाद पेटला आणि १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. याच सुमाराच्या मनःस्थितीविषयी रमाबाईंनी सांगितलेली गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. बाप्तिस्मा होऊन आठेक वर्षे लोटल्यावर त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. मतांची सत्यता पटणे आणि स्वतःचे काही गमावणे या वेगळ्या गोष्टी आहेत, असा या जाणिवेचा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे.

१८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी स्वतः सोसलेल्या भुकेची आठवण त्यांना घरी बसू देईना. उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या, रोगांनी ग्रासलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. त्यांत अनेक जातींच्या निरक्षर मुली होत्या. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी काढलेले होते; नव्याने आलेल्यांना अक्षरओळखीच्या आधी अंग धुण्याची, जखमांना मलमपट्टीची आणि पोटभर जेवणाची गरज होती. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू झाल्याने या मुलींना दौंडजवळील केडगाव येथे रमाबाईंनी घेतलेल्या शेतजमिनीवर नेण्यात आले. तेथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर आश्रितांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. शेती, विणकाम, शिवण, तेलघाणा, दूधदुभते, छपाई अशी कामे स्त्रियाच करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमला पाहिलेले काम सोळा वर्षांनी केडगावात उभे राहिले असे म्हणता येते. अंध स्त्रियांसाठी मार्कच्या शुभवर्तमानातील आंधळ्या भिकाऱ्याच्या नावावरून ‘बारतीमय सदन’ काढण्यात आले. मनोरमाबाईंनी तेथे ब्रेल लिपी शिकवली.

पांडित्य त्यांनी टाकून दिले नाही. त्याचा रोख बदलला. आयुष्याच्या अखेरच्या दीड-दोन दशकांत रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतरांची संस्कृतप्रचुर भाषा आपल्या आश्रमातील साध्या स्त्रियांना कळत नाही आणि तिच्यातील काही शब्दांना वेदान्ताचा वास आहे, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. संस्कृतात शास्त्रार्थ करून ‘सरस्वती’ पदवी मिळवलेल्या विदुषीने खेडवळ बायकांना समजेल अशा शब्दासाठी मूळ भाषा शिकाव्यात, ही मराठी विद्येच्या इतिहासातील विलक्षण घटना होय. या भाषांतराचे खिळे जुळवणे व छपाई मुक्तीतील स्त्रियांनीच केली. साहित्यिक सौष्ठवाच्या दृष्टीने ते भाषांतर सर्वत्र सफल झाले असे नाही. मुळाला चिकटून राहण्याच्या आग्रहामुळे त्याची वाक्ये ठिकठिकाणी अवघडतात. १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा मार्ग निराळा होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. संतांच्या अभंगांतील लीनता त्यांनी ख्रिस्ती भक्तिगीतांत आणली आणि मराठी मंडळ्यांतून इंग्रजी चालींच्या जोडीला भजन-कीर्तन रुजवले. स्वभावाने ते तापट होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीचा हा शीघ्रकोप, त्यामागचा भाबडेपणा आणि खिशातले शेवटचे नाणे दुसऱ्याला देऊन टाकण्याची वृत्ती यांचे मनमोकळे चित्रण आहे. मराठी ख्रिस्ती साहित्यातील नम्रतेचे सर्वांत जिवंत उदाहरण कदाचित हे पुस्तकच असावे. त्यात उपदेश जवळजवळ नाही. सोवळेओवळे कडकपणे पाळणारी, जेमतेम अक्षरओळख असलेली स्त्री आपल्याच जात्यभिमानाची गंमत करीत तो कसा गळून पडला हे सांगते.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व अनुयायी त्यात येऊ शकत. पगारी धर्मसेवकाचे स्थान सोडून संन्यस्त वृत्तीने राहण्याचा हा प्रयत्न त्यांच्या मृत्यूमुळे दोनच वर्षांत खुंटला.

मराठवाड्यातील कार्य

निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात ख्रिस्ती कार्याची केंद्रे मुख्यतः जालना आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे होती. दोन्ही ठिकाणी लष्करी छावण्या होत्या. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला न्यायालयाच्या आदेशाने पालकांकडे परत पाठवण्यात आले आणि त्याच्या शुद्धीचा प्रश्न गाजला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला जातीत परत घेण्याचा पक्ष उचलून धरला होता. नारायण शेषाद्री मुंबईत अध्यापन करून प्रतिष्ठेने राहू शकले असते. १८६० च्या दशकात ते स्कॉटिश फ्री चर्चच्या वतीने जालन्यास गेले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ ही वसाहत वसवली. तिच्यातील रहिवासी प्रामुख्याने मांग समाजातून ख्रिस्ती झालेले होते. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशांच्या वस्तीत एका ब्राह्मणाने घर करणे, हे त्या काळी कोणत्याही प्रवचनाहून अधिक बोलके होते. औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे काम दीर्घकाळ सांभाळणारे रतनजी नवरोजी हेही धर्मांतरित होते. ते मूळचे पारशी. रोमन कॅथलिक चर्चचा स्वतंत्र औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ मध्ये अस्तित्वात आला.

आक्षेप आणि चिकित्सा

नम्रतेच्या शिकवणीवर तीन दिशांनी टीका झाली आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे याने १८८७ मधील ग्रंथात तिला दुर्बळांनी आपल्या असहायतेला दिलेले सद्गुणाचे नाव ठरवले. अमेरिकन अभ्यासक व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मधील एका लेखात निराळा मुद्दा मांडला: गर्व हे मूळ पाप मानणारा विचार पुरुषांच्या अनुभवावर उभा आहे, स्त्रियांना स्वतःला पुसून टाकण्याचीच शिकवण मिळालेली असते, त्यांना आणखी नम्रता शिकवणे म्हणजे दुखण्यालाच औषध समजणे होय. वाँटेजमधील रमाबाईंचा हट्ट या दृष्टीने पाहिला तर त्याला गर्व म्हणणे अवघड होते.

तिसरी टीका भारतीय समाजाशी थेट निगडित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील लेखनात दोन गोष्टी ठळकपणे मांडल्या: ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जातिभेद टिकून राहिला आणि मिशनऱ्यांनी शिक्षणावर केलेल्या खर्चाचा लाभ मुख्यतः उच्चवर्णीयांनी घेतला. माणसाच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधणारी शिकवण समाजरचना बदलण्याची ऊर्मी देत नाही, असाही त्यांचा आक्षेप होता. पिढ्यानपिढ्या वाकत आलेल्याला वाकण्याचा उपदेश करणे आणि गादीवर बसलेल्याला खाली उतरायला सांगणे यांत मोठे अंतर आहे. वर उल्लेखिलेली बहुतेक उदाहरणे दुसऱ्या प्रकारची, म्हणजे वरून खाली येणाऱ्यांची, आहेत हे लक्षात घेणे आवश्यक आहे. १९८० च्या दशकात उदयास आलेल्या दलित ईश्वरशास्त्राने हा प्रश्न आतून हाताळला. अरविंद निर्मल यांनी सेवक-ईश्वराच्या कल्पनेचा असा अर्थ लावला की, सेवा ही ज्यांच्यावर लादली गेली त्या दलितांच्याच बाजूला ईश्वर उभा आहे.

बौद्धिक गर्वाचा विचार आंबेडकरांनी औरंगाबादेत एका वेगळ्या परंपरेतून पुढे आणला. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद या ग्रीक राजाचे नाव दिले आणि परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. मिलिंदाला आपल्या वादकौशल्याचा अभिमान होता. भिक्षू नागसेनाशी झालेल्या संवादात हार झाल्यावर त्याने ती प्रामाणिकपणे मान्य केली. विद्यार्थ्यांपुढे आंबेडकरांना ठेवायचा होता तो हा बौद्धिक प्रामाणिकपणा. येथे बुद्धी सोडावी लागत नाही, फक्त हट्ट सोडावा लागतो.

पाय धुण्याचा विधी

पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या गुरुवारी कॅथलिक व काही प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाय धुण्याचा विधी होतो. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या उपासनेत केलेल्या सुधारणांनंतर तो सायंकाळच्या मिस्सामध्ये समाविष्ट झाला. मुख्य पुरोहित झगा उतरवून, कमरेला वस्त्र बांधून निवडलेल्या व्यक्तींचे पाय धुतो व पुसतो. नियमाप्रमाणे या व्यक्ती पुरुषच असत. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधील बाल गुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन स्त्री-पुरुष कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुस्लिमही होते. जानेवारी २०१६ मध्ये नियम बदलून स्त्रियांनाही या विधीत स्थान देण्यात आले.